जुन्या बुलेटचं टायमिंग: अंदाज फुकट द्या, पैसे मोजमापाचे घ्या



"दादा, गॅरेज टाकायचंय, भांडवल किती लागेल?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे. असं कुठलं काम तुला येतं, ज्यासाठी गिऱ्हाईक वाटेतली तीन गॅरेज सोडून तुझ्याकडे येईल? बहुतेक जण सांगतात, "सगळीच कामं करतो." अडचण तिथेच आहे. सगळीच कामं करणारा कुठल्याच कामासाठी ओळखला जात नाही.

म्हणून आज एकच काम घेऊया: जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटचं इग्निशन टायमिंग लावणं. काम दीड तासाचं आहे, हत्यारं एका पिशवीत मावतात आणि ते नीट करणारे हात कमी होत चाललेत. आपल्या विजयदुर्गसारख्या ठिकाणी हे काम शिकून धंदा उभा राहील का, हे आज काम आणि हिशोब दोन्ही बाजूंनी बघू. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दाखवलंय. इथे आकडे आणि कारणं देतोय, म्हणजे समोर ठेवून काम करता येईल.

गिऱ्हाईक काय सांगतं

समजा, गिर्ये गावातले एक काका त्यांची पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची बुलेट ढकलत घेऊन आले. म्हणतात, "टायमिंग बिघडला हा. किक उलटी मारता."

इथे दोन प्रकारचे मेकॅनिक असतात. पहिला लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतो, प्लेट जराशी फिरवतो, किक मारतो, कान देऊन आवाज ऐकतो, परत जराशी फिरवतो. गाडी चालू झाली की शंभर रुपये घेतो. दुसरा म्हणतो, "काकानू, आधी तपासतंय, मगे सांगतंय."

पहिल्याच्या शंभर रुपयांत काकांना काय मिळालं? गाडी आज चालू झाली, एवढंच. ती का बिघडली होती, आता ठिणगी नक्की कुठे पडतेय, आठ दिवसांनी परत काय होईल, यातलं काहीच कोणाला माहीत नाही. आणि उलटी किक ही चेष्टेची गोष्ट नाही. बुलेटचा मोठा पिस्टन उलटा फिरला की किकचा दांडा सगळा जोर पायावर काढतो. घोटा, नडगी, गुडघा, काहीही जाऊ शकतं. साठीतल्या माणसाचा घोटा मोडला तर सहा महिने बागेत जाणं बंद. आपण ज्याला छोटं काम म्हणतो, त्यात समोरच्याचा पाय अडकलेला असतो.

टायमिंग म्हणजे नक्की काय

सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगी पडली की एका झटक्यात जळून संपत नाही. आग प्लगपासून सुरू होऊन पसरत जाते, त्याला थोडा वेळ लागतो. पिस्टन टॉपला पोचून खाली वळतो, त्यानंतर लगेच दाब सर्वांत जास्त झाला पाहिजे, तरच ताकद मिळते. म्हणून ठिणगी पिस्टन टॉपला यायच्या थोडी आधी पडावी लागते. ती किती आधी पडावी, याला टायमिंग म्हणायचं.

आता साधं गणित. किक मारताना इंजिन मिनिटाला समजा ३०० फेरे फिरतं. म्हणजे सेकंदाला ५ फेरे, १,८०० अंश. टॉपच्या १० अंश आधी ठिणगी पडली, तर पिस्टनला टॉप गाठायला साधारण साडेपाच मिलिसेकंद लागतात. तेच इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला १८,००० अंश फिरतं. तेव्हा त्याच १० अंशांना अर्ध्या मिलिसेकंदाहून जरासाच जास्त वेळ मिळतो. एवढ्या वेळात आग पसरत नाही. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडली पाहिजे.

हे काम बुलेटमध्ये डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे फिरवतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या किनाऱ्यावरची अर्धी गोष्ट या स्प्रिंगांपाशी येऊन थांबते.

ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब तयार होतो आणि त्याला उलटा ढकलतो. किक बॅक मारते, चढावर इंजिनातून टकटक आवाज येतो, पिस्टन आणि बेअरिंगवर मार बसतो. फार उशिरा पडली तर गाडीला ओढ राहत नाही, इंजिन तापतं, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो, पेट्रोल जास्त जातं.

कुठल्या गाड्या

बुलेट आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. कास्ट आयर्न इंजिनवाली जुनी ३५० म्हणजे बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. तिच्या पॉइंटवाल्या मॉडेलला हे काम लागतं. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत पॉइंटच नाहीत, त्यामुळे असं ॲडजस्टमेंट नाही. म्हैसूरला १९९६ पर्यंत बनलेल्या येझदीलाही पॉइंट असायचे, पण ती टू-स्ट्रोक, तिचे आकडे वेगळे आणि पद्धतही थोडी वेगळी. एका गाडीचा आकडा दुसरीला लावायचा नाही.

खाली दिलेले आकडे जुन्या बुलेट ३५० चे आहेत. तुमच्या समोरच्या गाडीचं मॉडेल आणि साल बघा आणि तिच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. मॅन्युअलची प्रत गॅरेजमध्ये हवीच. पान्यासारखंच तेही हत्यार आहे.

पिशवीत काय हवं

फीलर गेज. डायल गेज आणि तो प्लगच्या भोकात बसवायचा ॲडाप्टर. डिग्री डिस्क, म्हणजे ३६० अंश आखलेली गोल चकती. ती कॉम्प्युटरवरून छापून पत्र्यावर चिकटवली तरी चालते. मल्टिमीटर, किंवा दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब. पॉइंट घासायची बारीक कानस. चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर. कॅमला लावायला थोडं ग्रीस. आणि एक वही. वहीबद्दल शेवटी बोलू.

काम: सहा पायऱ्या

पहिली पायरी, पॉइंट बघा. इंजिन थंड हवं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. पॉइंटची तोंडं काळी पडलीत का, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ झालंय का, बघा. थोडं असेल तर बारीक कानशीने साफ करा, मग कोरा जाड कागद मधून ओढा, म्हणजे कीस आणि तेल निघून जाईल. जास्त जळलेले असतील तर बदला. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या.

दुसरी पायरी, गॅप. पॉइंट पूर्ण उघडतील तिथे कॅम आणा आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. फीलरची पट्टी जरा घासत सरकली पाहिजे, अडकता कामा नये. हा क्रम उलटा करायचा नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला की उशीर होतो. टायमिंग आधी लावून नंतर गॅप हलवला, तर केलेलं काम पुसलं गेलं.

तिसरी पायरी, टॉप शोधा. प्लग काढा. गाडी स्टँडवर, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशनचा फेरा आला. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, त्यातला हाच आपला. नुसता पिस्टन वर आला म्हणून धरलंत, तर एक फेरा चुकू शकतो.

टॉपच्या जवळ पिस्टन जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे नजरेने अचूक टॉप मिळत नाही. डायल गेजवर टॉपच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच रीडिंग येणाऱ्या दोन जागा शोधा आणि डिग्री डिस्कवर त्यांच्या बरोबर मध्ये खूण करा. तो खरा टॉप. बुलेटचं प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे स्पोक किंवा सळई घालून घेतलेलं माप थोडं फसवतं. बऱ्याच जुन्या हातांनी आयुष्यभर स्पोकवर काम केलंय आणि गाड्या चालल्यात. पण तुम्ही मोजमापाचे पैसे मागणार आहात, तेव्हा माप पक्कं हवं.

चौथी पायरी, ठिणगीची जागा. या गाडीत वजनं पूर्ण आत असताना पॉइंट टॉपच्या ०.८ मिमी आधी उघडले पाहिजेत. क्रँकच्या भाषेत हे १० अंशांच्या आसपास येतं. चाक उलटं फिरवून पिस्टन या जागेच्या बराच मागे न्या आणि मग पुढे फिरवत बरोबर जागेवर आणा. कायम पुढच्या दिशेनेच यायचं, कारण चेन आणि गिअरमध्ये जी ढील असते, ती एकाच बाजूला राहिली पाहिजे. पुढे गेलात तर मागे सरकवून भागवू नका, परत मागून या.

पाचवी पायरी, प्लेट. पॉइंटची प्लेट धरून ठेवणारे स्क्रू किंवा बोल्ट किंचित सैल करा. इग्निशन चालू, दिवे बंद. आता हेडलाइटच्या टोपीवरचा अ‍ॅमीटर बघा. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. पिस्टन ०.८ वर असताना प्लेट हळूहळू फिरवा. काटा ज्या क्षणी मध्यावर येतो, तिथे प्लेट धरून स्क्रू आवळा.

कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट प्लेट फिरवली की ठिणगी लवकर, त्याच दिशेने फिरवली की उशिरा. अ‍ॅमीटर बंद असेल तर बल्बची एक वायर पॉइंटकडे जाणाऱ्या कॉइलच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लावा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

इथे हात का जपून हवा ते सांगतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे प्लेट १ अंश सरकली की क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो. मध्यापासून अडीच सेंटीमीटरवर १ अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. 'जराशी फिरवली' या दोन शब्दांत किती अंश गेले, ते डोळ्याला कळत नाही.

सहावी पायरी, परत तपासा. स्क्रू आवळताना प्लेट सरकते. म्हणून आवळून झाल्यावर पूर्ण फेरा घेऊन परत मोजा. दोनदा तेच उत्तर आलं की काम झालं.

खारी हवा: टायमिंग नसतंच कधी कधी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गिर्येचे काका म्हणाले होते की टायमिंग बिघडलंय. पण तपासल्यावर प्लेट जागच्या जागी, पॉइंट बरोबर ०.८ वर उघडतायत. मग किक उलटी का मारते?

झाकण उघडलेलंच आहे, तर कॅम बोटाने फिरवून बघा. तो पुढे जाऊन स्प्रिंगच्या जोराने टचकन परत आला पाहिजे. आपल्याकडे खाडीचा दमट वारा आणि समुद्राचं खारं पाणी दोन्ही आहे. पावसाळाभर खळ्यात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत वजनांच्या पिनांना गंज धरतो, स्प्रिंगा ढिल्या पडतात. वजनं बाहेर गेलेली असतात ती तिथेच अडकतात. मग किक मारतानाही गाडी ३,००० आरपीएमला असल्यासारखी ठिणगी टाकते. समजा ती टॉपच्या ३० अंश आधी पडली. ३०० आरपीएमला ३० अंश म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आग पसरून दाब तयार होतो, पिस्टन अजून वरच येत असतो आणि काकांचा पाय किकवर असतो.

अंदाजवाला मेकॅनिक इथे काय करतो? प्लेट मागे फिरवतो. किक सुधारते, काका खूश. पण वाटेत कधीतरी वजनं सुटतात आणि आत जातात. आता ठिणगी फारच उशिरा पडते. गाडी तापते, ओढत नाही. परत गॅरेज, परत प्लेट. दोष गंजात होता आणि इलाज प्लेटवर चाललाय.

असाच दुसरा फसवा दोष म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा घासलेला बुश. शाफ्ट हलत असेल तर गॅप प्रत्येक फेऱ्याला वेगळा, मग टायमिंगही वेगळं. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलत असेल तर टायमिंग लावण्यात अर्थ नाही, आधी बुश.

तिसरा दोष पॉइंटची टाच, जी कॅमवर घासत असते. स्वस्त पॉइंटमध्ये ती लवकर झिजते. ती झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणून कॅमला ग्रीसचं अगदी बारीक बोट लावायचं. जास्त लावलं तर पॉइंटवर उडतं. आणि नवीन पॉइंट बसवले असतील तर साधारण ५०० किमीनंतर गॅप परत बघायचा, कारण सुरुवातीला टाच बसते.

त्यातून एक धडा घ्या. गिऱ्हाईक जे नाव सांगतं ती तक्रार असते, निदान तुमचं काम आहे. प्रत्येक धंद्यात हे असंच असतं.

गाडी चालवून बघा

किक मारण्याआधी वजनं आत आहेत याची खात्री करा. गाडी गरम होऊ द्या. मग बंदराकडून वर सड्यावर चढणारा रस्ता घ्या. वरच्या गिअरमध्ये, थोडा लोड देऊन. टकटक ऐकू आली तर ठिणगी लवकर आहे, नाहीतर वजनं जास्त पुढे जातायत. गाडी मलूल वाटली, सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट झालं, तर उशीर आहे, किंवा कार्बोरेटर बघायला हवा. गिऱ्हाईकाला मागे बसवून न्या. त्याने तो चढ त्याच्या गाडीवर शंभर वेळा चढलेला असतो. फरक सगळ्यांत आधी त्यालाच कळतो.

आता हिशोब

बीबीएच्या वर्गात ब्रेक-इव्हन शिकवतात तेव्हा उदाहरण कारखान्याचं असतं. आपण गॅरेजचं घेऊ. आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा हत्यारं आणि मॅन्युअल मिळून ८,००० रुपये गेले. एका टायमिंगच्या कामाची मजुरी ६०० रुपये. त्यात साफसफाई, ग्रीस, कागद, थोडं पेट्रोल यांचे ५० गेले. हातात राहिले ५५०. म्हणजे १५ गाड्यांत हत्यारांचे पैसे वसूल. छान वाटतं.

पण पुढचं गणितही करा. समजा जागेचं भाडं ३,०००, वीज-फोन-इतर १,०००, आणि स्वतःचा पगार १५,०००. स्वतःचा पगार लिहायचाच. तो न लिहिता 'धंदा फायद्यात आहे' म्हणणारे खूप आहेत. एकूण १९,००० रुपये महिन्याला. फक्त टायमिंगवर हे काढायचं तर महिन्याला ३५ गाड्या हव्यात. विजयदुर्ग आणि आजूबाजूच्या गावांत पॉइंटवाल्या बुलेट असून असून किती असणार? दर महिन्याला ३५ येतील हे स्वप्न आहे.

मग हे काम कशाला शिकायचं?

कारण हे काम तुमची पाटी आहे. समजा महिन्याला ८ टायमिंगची कामं आली. त्यांचे ४,४०० झाले. उरले १४,६००. साध्या रोजच्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगमधून एका गाडीमागे २५० सुटत असतील, तर ५९ गाड्या लागतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला दोन-तीन. हे होण्यासारखं आहे. आणि त्या दोन-तीन गाड्या तुमच्याकडे का येतील? कारण गावात बोललं जातं, "जुन्या बुलेटचा काम जो करता, तो माझी साधी गाडी बिघडवुचो नाय." अवघड कामाने नाव होतं, सोप्या कामाने घर चालतं. दोन्ही लागतात.

लांबचं गिऱ्हाईकही याच कामासाठी येतं. तळेऱ्याहून इथे यायला सुमारे ५० किमी पडतात. ऑइल बदलायला तेवढं कोणी येणार नाही, पण पायाला धोका असलेली बुलेट घेऊन येईल, जर आधी फोनवर दिवस आणि वेळ ठरली असेल तर. अपॉइंटमेंट द्या आणि त्या वेळी दुसरं काम हातात घेऊ नका.

कॅलेंडर बघून काम आखा. मार्च ते मे आंब्याची धावपळ, बागायतदाराला गाडी आजच हवी असते, तेव्हा लांबलेली कामं घेऊ नका. शिमगा, मे महिना आणि गणपतीला चाकरमानी येतात आणि घरी वर्षभर उभी असलेली गाडी बाहेर काढतात. ती बंदच असते. म्हणून जून-जुलैत, मासेमारी बंद आणि रस्त्यावर वर्दळ कमी असताना, फोन करून सांगा, "गणपतीआधी गाडी तपासून ठेवू का?" मंदीचे दिवस असे भरायचे.

पार्टचा साठा थोडाच ठेवा. पॉइंटचे दोन सेट, दोन कंडेन्सर, वजनांच्या स्प्रिंगा, दोन प्लग. कोल्हापूर किंवा मुंबईहून पार्ट येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही, पण कपाटात पाच वर्षं पडलेला पार्टही पैसा अडकवतो. आणि ८,००० रुपयांच्या हत्यारांसाठी कर्ज काढू नका. जागा, कॉम्प्रेसर, रॅम्प असं मोठं काही करायचं असेल तेव्हा मुद्रा योजनेचा शिशु गट आहे, ५०,००० रुपयांपर्यंत. उद्यम नोंदणी मोफत होते, ती मात्र पहिल्या दिवशी करून टाका. तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

वही

आता ती वही. प्रत्येक गाडीसाठी एक पान. तारीख, गाडी नंबर, किलोमीटर. मग दोन रकाने, 'आधी' आणि 'नंतर'. गॅप किती होता, किती केला. पॉइंट टॉपच्या किती आधी उघडत होते, आता किती. वजनं मोकळी की अडकलेली. शाफ्टला हालचाल आहे का. प्लगचा रंग. बदललेले पार्ट. ५०० किमीची फेरतपासणी कधी.

या पानाचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. ६०० रुपये कशाचे, ते त्याला दिसतं. 'जरा स्क्रू फिरवला आणि सहाशे घेतले' असं मग कोणी म्हणत नाही, कारण त्याच्या हातात 'आधी १.९ मिमी, नंतर ०.८ मिमी' असं लिहिलेलं असतं. फेरतपासणीची तारीख लिहिलेली असते, म्हणून तो परतही येतो. जाहिरातीवर एक रुपया खर्च न करता दुसरी भेट ठरली.

तपासणीची फी वेगळी ठेवा आणि आधीच सांगा. समजा २०० रुपये. टायमिंग ठीक निघालं आणि दोष बुशमध्ये असला, तरी तुम्ही मोजलंय, दोष शोधलाय. त्याचे पैसे घ्यायला लाजू नका. काम तुमच्याकडेच केलं तर ते २०० मजुरीत धरा.

नाही कधी म्हणायचं

तरुण गिऱ्हाईक म्हणेल, "दादा, जरा ॲडव्हान्स करून दे, पिकअप वाढेल." थोडा वेळ वाढल्यासारखा वाटेलही. पण उलट्या किकेचा पाय त्याचा असेल आणि नाव तुमचं. मॅन्युअलच्या बाहेर जाऊ नका. गाडी परत द्या, पैसे सोडा.

बुश हलतोय आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "आता चालवण्यापुरतं कर." तेव्हा वहीत लिहा, 'बुश बदलायला सांगितलं, गिऱ्हाईकाने नको म्हटलं', त्याची सही घ्या, आणि तोंडीही सांगा की किक मारताना जपा. ज्या गाडीची वजनं अडकलेली आहेत ती मात्र तशी परत देऊ नका. तिथे धोका पायाला आहे.

कागदही बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. मोठं काम घेण्याआधी आरसी बघायला मागा. पूर्ण इंजिन उघडून झाल्यावर गाडीला कागदच नाहीत असं कळलं, तर गाडी तुमच्याच दारात राहते आणि बिलही.

या आठवड्याचं काम

आपल्या वाघोटण खाडीत मराठा आरमाराची गोदी होती. जहाजं दुरुस्तीला तिथे यायची, कारण ते काम जाणणारे हात तिथे होते. धंद्याचा नियम तेव्हाही हाच होता, आजही हाच आहे.

तर तीन गोष्टी करा. एक, तुमच्या घरापासून १५ किमीच्या आत पॉइंटवाल्या किती गाड्या आहेत, त्यांची यादी काढा. चालू आणि बंद, दोन्ही. दोन, फीलर गेज घ्या आणि ओळखीच्या एका गाडीचा गॅप मोजून वहीत लिहा. नुसता मोजा, हलवू नका. तीन, जवळच्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे जा आणि त्यांच्याबरोबर एक टायमिंग लावून बघा. ते स्पोकवर लावतील. तुम्ही नंतर डायल गेजने मोजा. बऱ्याचदा त्यांचा हात तुम्हाला चकित करेल. तो हात शिकून घ्या, आणि त्यांनी जे कधी लिहून ठेवलं नाही, ते तुम्ही वहीत लिहा.

यादीत पाच गाड्या निघाल्या तर हत्यारं घ्यायला हरकत नाही. एकही निघाली नाही, तर तुमच्या गावात अवघड समजलं जाणारं दुसरं काम शोधा. पद्धत हीच राहील: मोजा, लिहा, दाखवा, मग पैसे मागा.